रिकाम्या गव्हानीतला वरवंटा

साळूबाई माझी धाकटी भन. मी आकाराम, तिचा थोरला भाऊ. आमी कॅथलिक. आमचा आजा मिरजेला रेल्वेच्या रुळावर कामाला व्हता. तितं एका गोव्याच्या गार्डाच्या संगतीनं त्यानं डोक्यावर पानी घेतलं, तवापास्नं आमच्या घरातल्या कोनाड्यात मारियामातेची तसबीर हाय आन् तिच्यापुढं तेलाचा दिवा. माझं बाप्तिस्म्याचं नाव अंतोन आन् हिचं सालोमी. पन आईच्या जिभेला सालोमी जमंना, म्हनून साळू. आमच्या गावात, इस्लामपूरच्या अलीकडं, आमच्या धर्माची घरं बोटावर मोजन्याइतकी. पन आमाला कवा कुनी कमी लेखलं न्हाई. कोन लेखंल? मी लष्करात ड्रायवर व्हतो. एकाहत्तरच्या लढाईत थ्री-टनर चालवलीया, ती बी बत्त्या बंद करून. माझ्यासारखा गिअर टाकनारा कंपनीत दुसरा नव्हता. हे मी न्हाई म्हनत, आमचा सुभेदार म्हनायचा.

पन ही गोष्ट साळूची हाय, म्हनून मी मधनं बाजूला हुतो.

साळूला जलमापास्नं एकच खोड, इचारायची. दुसरी पोरं गोळ्या-बिस्किटं मागायची, ही उत्तर मागायची. आमी ल्हान असताना मिरजेहून एक मास्तर सायकलीवर यायचा, आमाला प्रार्थना शिकवायला. त्यानं नाताळची गोष्ट सांगितली. मारिया आन् योसेफ बेथलेहेमला निघाले, कुठं जागा मिळंना, गोठ्यात बाळ झालं. साळू म्हनली, "पयलं बाळंतपन, मग तिला म्हायेरी का न्हाई धाडली?" मास्तर म्हनला, खानेसुमारीचा सरकारी हुकूम व्हता. तर ही म्हनती, "मग तिच्या आईनं तरी अडवायचं." मास्तर भला मानूस. पुढच्या खेपेला सगळी वाट इचार करत आला, आन् आल्या आल्या त्यानं दुसरीच गोष्ट काढली. मी तवाच बापाला म्हनलो, ही पोरगी साधी न्हाई. बाप म्हनला, तू तुझं पाठ कर. माझं सगळ्यांच्या आधी पाठ व्हायचं, पन ते ऱ्हाऊ द्या.

तिला फलटनकडं दिली. नवरा साखर कारखान्यात बॉयलरवर व्हता, चांगला मानूस, तापानं गेला. पोरबाळ नव्हतं. सासरच्यांनी ठेवून घेतली असती, पन ती म्हनली, हितं मी काय इचारलं की समदी एकमेकाकडं बगत्यात. आली ती मंग आमच्याकडंच.

बहात्तरच्या दुष्काळात सिस्टर लोक आल्या. केरळच्या तिघी. आधी सुकडी आन् दुधाची पावडर वाटली, मंग पाऊस पडला तरी गेल्या न्हाईत. कारखान्याच्या रस्त्याला भाड्याचं घर घेऊन दवाखाना काढला. फुडच्या मोठ्या खोलीत एका भिंतीला वेदी, बाकीच्यात बाकडी. आठवडाभर त्या बाकड्यांवर पेशंट बसायचे आन् फादर येऊन मिस्सा, म्हंजी वेदीवरची प्रार्थना, असली की आमी. साळू तितं आया म्हनून लागली. सुया उकळायची, सिस्टरांना भाकरी थापायची, बाया गोळा करून आनायची. कुनाच्या घरात पोटुशी बाई हाय आन् ती दवाखान्याला भितीया, हे साळूला आधी कळायचं आन् मंग त्या बाईच्या सासूला. फुडाऱ्यानं बोलावून जमत न्हाईत तेवढ्या बाया माझ्या भनीच्या एका हाकंला जमायच्या.

आता आगमनकाळाचं सांगतो. न्हाईतर तुमाला फुडचं कळायचं न्हाई.

नाताळ आमाला म्हाईत व्हता. करंज्या, कंदील, नवी कापडं. पन नाताळच्या आधी चार रविवार वाट बगायची असती, ही रीत आमच्या घरात एवढी पाळत नव्हतं कुनी. सिस्टरांनी लावली. वेदीवर जांभळं कापड. फुलं न्हाईत. लगीन न्हाई, वाजंत्री न्हाई. इकडं मार्गशीर्षात गावात रोज एक वरात आन् आमी आपले गप. लिंबाच्या डहाळ्यांचं एक कडं करायचं, त्यात चार मेनबत्त्या उभ्या करायच्या, तीन जांभळ्या आन् एक गुलाबी. दर रविवारी एक वाढवून पेटवायची. इस्लामपुरात जांभळी मेनबत्ती मिळंना, म्हनून साळूनं पांढऱ्यांनाच पतंगाचा कागद गुंडाळला. गुलाबी एकच का, म्हनून तिनं लगेच इचारलं. थोरल्या सिस्टर क्लारा म्हनाल्या, तिसरा रविवार आनंदाचा. "मंग बाकीचे तीन दुःखाचे व्हय?" तर सिस्टर म्हनाल्या, न्हाई, वाट बगायचे. साळू घरी येऊन मला म्हनली, "दादा, झालेल्या बाळाची वाट कशी बगायची रं?" मी म्हनलो, सरहद्दीवर मानूस सुट्टीची वाट बगतोय तशी. तिला पटलं न्हाई, पन दुसऱ्या कुनाचं तरी कुठं पटत व्हतं.

हाटेलात कृष्णात बसलेला असायचा, माझा वर्गमित्र, एकरभर उसाचा बागाईतदार. त्यो म्हनला, "गड्या, तुमचा देव दरसाल जलमतोय आन् तुमी दरसाल नव्यानं वाट बगताय." मी म्हनलो, "तुमचा किसन काय एकदाच जलमून बसलाय व्हय रं?" हाटेल हसलं. कृष्णातनं माझ्या चहाचे पैसे दिले.

तर पंच्याहत्तर साली सिस्टर क्लारांनी गोठा मांडायचं ठरवलं. गव्हान मी केली. पंपाच्या इंजिनाचं खोकं आलेलं, त्याच्या फळ्या काढून, एक बी खिळा वर दिसंल तर शपथ. ती अजून हाय, कवाबी येऊन बगा. आत काय घालायचं ह्याच्यावरनं चर्चा झाली. आमच्याकडं पाचटाला तोटा न्हाई, पन साळू म्हनली, पाचटानं बाळाचं अंग कापंल. बाळ व्हतं प्लास्टरचं, वीतभर, गोव्याहून आनलेलं, एका बोटाचा टवका उडालेला. तरी तिनं शिराळ्याकडच्या एका पेशंटला सांगून भाताचं पिंजार मागवलं. सिस्टरांची रीत आशी की ज्यानं दिवसात काय चांगलं केलं त्यानं गव्हानीत पिंजाराची एक काडी टाकायची. नाताळपतुर बाळाचं अंथरून व्हतंय. तवर गव्हान रिकामी. बाळ कपाटात.

पयल्या रविवारी फादर लोपीस सांगलीकडनं मोटारसायकलवर आले. ते वसईकडचे, मराठीच, पन त्यांची मराठी येगळी. पंधरवड्यातनं एकदा यायचे, आनखी तीन गावं त्यांच्या गळ्यात. मिस्सा झाल्यावर सिस्टर क्लारांनी सांगितलं की नाताळच्या सकाळी बाळ गव्हानीत ठेवायचा मान ह्या वर्सी साळूबाईचा.

माझ्या भनीचा चेहरा मी तवा बघितला. लगनात बी तशी दिसली नव्हती. घरी आली. नुसतं आपल्या दोन्ही हाताकडं बगत बसली. मंग म्हनली, "बाळ धरताना मान कुठल्या हातावर घ्यायची, डाव्या का उजव्या?" मी म्हनलो, प्लास्टरचं हाय ते. म्हनली, "ते मला म्हाईत हाय. मी इचारलं ते सांग."

मी हाटेलात सांगितलं, सोसायटीत सांगितलं, इस्लामपूरच्या बाजारात दोघा-तिघांना सांगितलं. का सांगू नये? ज्या घरातनं एक लष्करात गेला त्याच घरातली ही.

पन साळूच्या डोक्यात एक काटा घुसला. गव्हान रिकामी. तिच्यात सिस्टरांनी पांढरं फडकं हातरलेलं, वर पिंजाराच्या चार काड्या, डोक्याशी उशीगत घडी. आमच्या नजरंला ती गव्हान ऱ्हायली न्हाई, पाळना झाला. आन् पाळना रिकामा ठेवत न्हाईत. तुमच्या घरात बारसं झालं असंल तर तुमाला म्हाईत हाय. पाळन्यात बाळाच्या आधी वरवंटा निजवत्यात, पाट्यावरचाच, त्याला धुऊन, टोपडं घालून. बाया त्याला इकडनं तिकडं देत्यात, मंग त्यो बाहीर आन् बाळ आत. आमी किरिस्ताव असलो तरी बारसं तसंच. फादरनं पानी घातलं म्हनून पाळना काय बदलतोय?

तर त्या आठवड्यात साळूनं दवाखान्याच्या सैपाकघरातला वरवंटा धुतला, कोरं फडकं गुंडाळलं आन् गव्हानीत ठेवला. कुनाला सांगितलं न्हाई, कारन सांगन्यासारखं त्यात काय हाय असं तिला वाटलंच न्हाई.

सिस्टर क्लारांना दुसऱ्या दिशी चटनी वाटायला वरवंटा सापडंना तवा कळलं. त्या म्हनाल्या, "सालू, ये क्या है?" साळूनं सांगितलं, जागा धरायला ठेवलाय. सिस्टर हसल्या, म्हनाल्या, ऱ्हाऊ दे. त्यांना वाटलं, एक दोन दिवसाचा खेळ.

पन दवाखान्यात बाया यायच्या. त्यांनी बघितलं आन् त्यांना ते लगेच कळलं. मारिया, योसेफ, आगमनकाळ, ह्यातलं त्यांना काय कळत नव्हतं, पन पाळन्यातला वरवंटा कळला. कुनी त्याला हळद लावली, कुनी कुंकू. कुनी शेंगदाने ठेवले. साळू काडीची रीत समद्यांना सांगायची, तर बाया बी पिंजाराची काडी टाकायला लागल्या. एक म्हनली, सासूला उलटून बोलले न्हाई. दुसरी म्हनली, मी बोलले, पन हळू बोलले, अर्धी काडी टाकू का?

त्यातच गुणमाला यायची. किराना आन् हळदीच्या दुकानवाल्या नेमिनाथ शेटजींची सून, जैनाची पोरगी, लय गरीब सभावाची. दोनदा बाळंत झाली, दोन्हीदा हाताला काय लागलं न्हाई. तिसऱ्यांदा दिवस भरत आलेले, तपासनी सिस्टर क्लारांच्या हातनं. तपासून झालं की घरी जायच्या आधी गव्हानीपाशी बसायची. साळूला म्हनायची, ह्याच्याकडं बघितलं की बरं वाटतंय. घरात कुनी बाळाचं कापड शिवू देत न्हाईत, आधी शिवलं की वंगाळ व्हतंय म्हनत्यात. मंग एक दिशी तिनं चोरून शिवलेलं एक टोपडं आनलं, पिवळ्या काठाचं, आन् वरवंट्याला घातलं. साळूनं नाड्या बांधल्या.

तिसरा रविवार उजाडला. गुलाबी मेनबत्ती पेटवायचा. फादर आले आन् त्यांनी गव्हानीत टोपडं घातलेला, कुंकू लावलेला दगड बघितला.

मिस्सा त्यांनी नीट केली. नंतर मला आन् साळूला थांबवून घेतलं. चिडले न्हाईत, चिडले असते तर मला बरं पडलं असतं. त्यांनी बसून समजावलं. म्हनाले, गव्हान रिकामी ठेवतो त्याला अर्थ हाय, मानसानं आपल्यात जागा रिकामी करायची असती, ती भरून टाकली की येनारा कुठं येनार? दुसरं म्हनाले, बाहीरच्या बाया ह्याला देव समजायला लागल्या, उद्या गावात म्हनतील कॅथलिक लोक वरवंटा पूजत्यात. म्हनून साळूबाई, तुमीच तुमच्या हातानं त्यो काढा आन् बायांना सांगा का काढला. जबरदस्ती करायची न्हाई मला. पन जी आमच्यासंगं रिकाम्या गव्हानीपाशी थांबायला तयार न्हाई, तिच्या हातनं बाळ ठेवायचं मला पटत न्हाई.

साळूनं इचारलं, "फादर, वाट बगताना दगडानं जागा धरली तर ती जागा भरली म्हनायची का?"

फादर म्हनाले, मी काय सांगतो ते तुमाला कळतंय. ती म्हनली, व्हय, कळतंय. मी इचार करून सांगते.

वाटंत मी तिच्यावर तडकलो. म्हनलो, दगडच हाय न्हवं त्यो? उचल आन् चटनी वाट. अख्ख्या गावाला मी सांगून बसलोय. ती म्हनली, मला बी बाळ ठेवायचं हाय, तुझ्यापेक्षा जास्त. म्हनलो, मंग?

"मंग गुणमालाला काय सांगू?" ती म्हनली. "तिनं त्याला टोपडं घातलंय. म्हयन्याभरात तिचं पोट रिकामं व्हनार. ती तपासायला आली आन् टोपड्याखालचा दगड मीच काढून नेलेला बघितला, तर ती काय धरून बसंल मनात?"

म्हनलो, तिला समजावून सांग की, तसं काय नसतंय.

"सांगून मनातनं जातंय व्हय, दादा? तुला गाडी चालवताना मांजर आडवं गेलं तर तू थांबतोस का न्हाई?"

थांबतो, पन त्यो ड्रायवरचा नियम हाय, अंधश्रद्धा न्हाई. तरी मी वाद सोडला, कारन हिच्याशी वादात मी हरत न्हाई, फकस्त येळ जातोय.

दुसऱ्या दिशी मी सवता सांगलीला गेलो, फादरांना भेटाय. मिशीला तेल लावून. मी त्यांना सरळ सांगितलं, माझ्या भनीसारखी बाई तुमच्या चारी गावात न्हाई. ते म्हनाले, मला म्हाईत हाय. मी म्हनलो, मंग? तर त्यांनी चहा सांगितला आन् लष्करातलं इचारत बसले. चांगला मानूस, ऐकायची समज व्हती. मी बत्त्या बंद करून गाडी कशी चालवली ते पुरं सांगितलं. निघताना ध्यानात आलं की साळूचं ऱ्हायलं. तवर ते मोटारसायकल काढून दुसऱ्या गावाला गेले व्हते.

साळूनं चौथ्या रविवारच्या आधीच सिस्टर क्लारांना सांगितलं, मी वरवंटा काढत न्हाई. बाळ दुसऱ्या कुनाच्या हातनं ठेवा. सिस्टरांच्या डोळ्यात पानी आलं म्हनत्यात, मी बघितलं न्हाई. त्यांनी दवाखान्याच्या वॉचमनला, म्हाताऱ्या नानासोला, सांगितलं. नानासो आमच्यातलाच, आमच्या चुलत्यातला. त्यानं आधी नको म्हनलं, साळू रागवंल म्हनला. साळूनं त्याला बाळ कसं धरायचं ते शिकवलं. त्या दिवसात मला लोक हाटेलात इचारायचे, काय आकाराम, मान गेला म्हनं. मी म्हनायचो, बगा तर खरं.

काय बगायचं ते मला तरी कुठं म्हाईत व्हतं.

आमच्याकडं मध्यरात्रीची मिस्सा कवाच नव्हती. फादरांना रात्री दुसरं गाव, आमच्या वाट्याला नाताळची सकाळ. उसाच्या गाड्या कारखान्याला चाललेल्या, धुकं पडलेलं, बाकड्यांवर आमी नवी कापडं घालून. दाराबाहीर बाया जमल्या, दवाखान्याच्या ओळखीच्या. त्यात गुणमाला, एका बाईच्या खांद्याला धरून उभी. सासूला देवळात जाते सांगून आलेली.

सिस्टरांनी गानं धरलं. नानासो कपाटातलं बाळ घेऊन हळूहळू फुडं आला, डाव्या हातावर मान, शिकवल्यापरमानं. गव्हानीपाशी पोचला आन् थांबला. आत वरवंटा निजलेला. कुंकू लावलेला, टोपडं घातलेला.

त्याला बाहीर कोन काढनार, ह्याचा इचारच कुनी केला नव्हता. सिस्टरांनी न्हाई, फादरांनी न्हाई, मी बी न्हाई. नानासोचे दोन्ही हात बाळात गुतलेले. गानं संपलं. सिस्टर क्लारा फुडं वाकल्या, हात घातला आन् परत घेतला. त्यांची नजर दाराकडं गेली, गुणमालाकडं. मला वाटतंय त्यांना त्या घडीला कळलं की त्या टोपड्याला हात घालनं त्यांचं काम न्हाई.

फादर वेदीपासनं खाली आले. गव्हानीकडं बघितलं, दाराकडं बघितलं. मागच्या बाकड्यावर साळू, पदर डोक्यावर, मान खाली.

"साळूबाई," फादर म्हनाले, "आवं, या की. बाळ खोळंबलंय."

ती उठली. फुडं आली आन् गुडघे टेकले. दोन्ही हातानं वरवंटा उचलला, जसं झोपलेलं लेकरू उचलावं तसा, मान डाव्या हातावर. आन् दाराकडं तोंड करून उभी ऱ्हायली, गुणमालाला दिसंल असं. दाराबाहीरच्या बाया हसल्या, त्यांना कळलं काय चाललंय. बारशात असंच असतंय, दगड बाहीर आल्याबिगर बाळ आत जात न्हाई. गुणमाला बी हसली. नानासोनं वाकून बाळ ठेवलं. वाकताना म्हाताऱ्याचा तोल गेला, साळूनं एका कोपरानं त्याला टेकू दिला.

बाळ तिनं ठेवलं न्हाई, हे खरं हाय. फुडच्या वर्सी बी न्हाई. फादरांनी शब्द पाळला आन् तिनं बी आपला पाळला. कुनी इचारलं तर मी सांगतो, बाळ कुनी बी ठेवंल, पन त्या दिशी मिस्सा माझ्या भनीवाचून अडली व्हती.

मिस्सा झाल्यावर साळूनं टोपड्याच्या नाड्या सोडल्या, टोपडं झटकलं आन् गुणमालाच्या हातात दिलं. म्हनली, घ्या, ह्याचं काम झालं, आता तुमच्याचं. तिला पौषात पोरगी झाली, रडकी, तिच्या आवाजानं शेटजींनी दुकानातली गादी मागच्या खोलीत नेली.

सिस्टर क्लारा सैपाकघरात आल्या. साळू मोरीपाशी वरवंटा घासत व्हती. सिस्टरांनी तिच्यासारखंच इचारलं, आता ह्याचं काय करायचं, जपून ठेवायचा का?

साळूनं त्यांच्याकडं असं बघितलं की ही बाई एवढी शिकलेली आन् हे काय इचारती. म्हनली, "जपून? सिस्टर, वीस मानसांचं मटन हाय. खोबरं भाजून ठेवलंय. सरका जरा."

आन् पाटा वढून बसली वाटायला.